लाइन तुटली, तरी मी वाट पाहत होतो

मित्रांनो, मी एक जुना टेक्स्ट एडिटर आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी फार मत्सरी आहे. संगणकावर अक्षरं लिहू द्यायची, पुसू द्यायची, जपून ठेवायची, एवढंच माझं काम. मला घडवणाऱ्याने ना रंग दिले, ना चित्रं. पांढरं पान आणि लुकलुकणारी एक काडी, एवढ्या भांडवलावर मी चौदा वर्षं ताईंची सेवा केली.

ताई एका छापखान्यासाठी पुस्तकांची प्रुफं तपासतात. "याच्यासारखा गुणी कोणी नाही," असं त्या आल्यागेल्याला सांगत. ते ऐकून मी फुलून जाई.

मग छापखान्याने सगळी पुस्तकं आपल्या मोठ्या यंत्रावर ठेवली. ताई घरी बसून इंटरनेटच्या लाइनवरून माझ्यातूनच ती उघडू लागल्या आणि माझ्यामागे दुखणं लागलं. दुपारी घरातल्या वृद्ध आत्याबाईंना जेवायला वाढायला त्या उठत, ते फाइल तशीच उघडी ठेवून, लॅपटॉपचं झाकण मिटून. परत येऊन लिहू लागल्या, की मी जागच्या जागी थिजे. दोन-दोन मिनिटं एक अक्षर उमटत नसे.

"म्हातारा झाला बिचारा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी एक नवा एडिटर आणला.

काय सांगू तुम्हांला! गोल कोपरे, निळसर पान, आणि ताई त्याचं कौतुक करताना थकत नव्हत्या. माझा नुसता जळफळाट झाला. शुक्रवारी मला काढून टाकायचं ठरलं होतं. गुरुवारी जेवणानंतर तो नवाही थिजला, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ताईंनी वैतागून त्याला जबरदस्तीने बंद केलं, आणि सकाळभरच्या दुरुस्त्या गेल्या. त्या डोक्याला हात लावून बसल्या. माझा आनंद तिथेच विरला.

संध्याकाळी त्यांचे मोठे भाऊ आले. जन्मभर टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त केलेला माणूस. सगळं ऐकून ते म्हणाले, "आधी छापखान्याचं सोड. घरचीच एखादी फाइल जुन्यात उघड, झाकण मीट आणि तासाभराने बघू."

तासाभराने मी सुरळीत चाललो.

"बघ, हा धडधाकट आहे," दादा म्हणाले. "तू उठून गेलीस, की तिकडचं यंत्र लाइन सोडून देतं. याला कळवत नाही. तू आल्यावर हा तिकडे विचारतो, फाइलमध्ये काही बदललं का, आणि उत्तराची वाट बघत बसतो. पलीकडच्याने फोन ठेवलाय नि हा आपला रिसीव्हर कानाला लावून."

"मग मी करू काय?"

"उठताना फाइल बंद करायची, लाइन सोडायची. फोनवर 'ठेवते' म्हणतेस ना, तसं. आणि याला मी सांगून ठेवतो, पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर नाद सोड."

नाद सोडायला मला तोवर कोणी शिकवलंच नव्हतं.

शुक्रवारी मला कोणी काढलं नाही. नवाही राहिला. पुस्तकं माझ्याकडे, पत्रं त्याच्याकडे. त्या पत्रांचाही मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, कोणी अडखळला की लगेच त्याला म्हातारा ठरवू नका. तो कोणाची वाट पाहतोय, ते आधी बघा. आणि उठताना निरोप घेत जा. ताई आता रोज दुपारी फाइल बंद करताना हळूच म्हणतात, "ठेवते हं." तो निरोप छापखान्यातल्या त्या मोठ्या यंत्राला असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्यापाशी त्या चौदा वर्षं बसल्या-उठल्या, मला एकदाही म्हणाल्या नाहीत.