आवाज तेवढा मोठ्या बाईंचा

सूनबाईंचा आवाज बसला तो नेमका पर्यवेक्षिका वर्ग पाहायला येणार त्या सकाळी. गुळण्या करून झाल्या, मध चाटून झाला. पण घशातून नुसती हवा बाहेर पडे. आज वर्ग धड झाला तर बालवर्गातली त्यांची नोकरी कायम, नाही तर सुट्टीनंतर दुसरी बाई, असे मुख्याध्यापिकांनी आधीच बजावले होते. त्यांना फोन अर्थातच मोठ्या बाईंनी, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाईंनी केला. पलीकडून उत्तर आले, "दिवस बदलता यायचा नाही. हवं तर बोलायला घरचं कुणी सोबत आणा."

घरचे कुणी म्हणजे मोठ्या बाईच. वरच्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की भलेभले विद्यार्थी ताठ बसत. सूनबाईंच्या नोकरीला त्या 'पोरं खेळवणं' म्हणत, हे खरे. पण आपल्या घरच्या माणसाला कुणी नापास करावे, ही कल्पनाही त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

"हातपाय गाळू नकोस," त्या म्हणाल्या. "एवढीएवढीशी पोरं ती. ऐकतील नाही तर जातील कुठे?"

सूनबाईंनी दोन्ही हात जोडले. त्यात विनंती अर्धी होती आणि धास्ती अर्धी.

बालवर्गाच्या खिडकीत काचेच्या बरण्या रांगेने मांडल्या होत्या. त्यांत ओल्या कापसावर घेवड्याचे दाणे होते. कुणाच्या दाण्याला शेपूट फुटले होते, कुणाचा नुसताच फुगून बसला होता. पर्यवेक्षिका आल्या आणि एका बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून बसल्या. मोठ्या बाईंनी घसा साफ केला.

"मुलांनो, बीजाचे मुख्य भाग दोन. बीजदल आणि अंकुर."

पहिली जांभई मागच्या रांगेतून आली आणि पाहता पाहता पुढच्या रांगेपर्यंत पोचली. कुणी बुटाची नाडी सोडली, कुणी शेजारणीच्या कानात फुंकर मारली. शेवटी, ज्याला सगळी शाळा 'वकील' म्हणत असे तो मुलगा उठला.

"आजी, बी मातीत काय खातं? तिथं तर अंधार असतो."

"बीजदलांत अन्न साठवलेलं असतं. ते पुरवून पुरवून खातं."

"म्हणजे डबा? घरून आणलेला?"

मोठ्या बाई थबकल्या. इतक्या वर्षांत कुणी असे म्हटले नव्हते. आणि म्हटले ते चूकही नव्हते. "हो. डबाच."

"मग डबा संपला की?" हे 'बटण' नावाच्या, वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले.

"तोवर पानं फुटतात. ती स्वयंपाक करतात."

"गॅसवर?"

"उन्हावर गं!"

सारा वर्ग सरसावून बसला. तिथेच थांबत्या तर बरे होते. पण जुनी खोड जाते कुठे? "यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. म्हणा पाहू माझ्यामागून."

"पकाश... शंशे..." एवढे म्हणून वर्ग पुन्हा पांगला. दोघे टेबलाखाली गेले. पर्यवेक्षिकांनी घड्याळाकडे पाहिले.

तेव्हा सूनबाई उठल्या. त्यांनी कपाटातून मातकट रंगाची भली मोठी चादर काढून नुसती हवेत झटकली, आणि टेबलाखालच्या दोघांसकट सारी मुले तिच्याखाली गुडूप झाली. सूनबाईंनी डब्याच्या झाकणावर बोटे वाजवली. पाऊस सुरू झाला. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी हाताने खूण केली: बोला.

"पाऊस पडतोय," मोठ्या बाई आज्ञाधारकपणे म्हणाल्या. "बी... हं, बी भिजतंय. फुगतंय."

चादरीखाली गाल फुगले. सूनबाईंचा तळहात वर आला तसे चादरीच्या कडेतून एकेक बोट कोंबासारखे बाहेर डोकावले.

"तुझ्या हातांना इतकं बोलता येतं, हे मला घरी कधी दिसलं नाही," मोठ्या बाई पुटपुटल्या. सूनबाईंनी एक भुवई उंचावली. घरी माझी पाळी येते कधी, असा तिचा अर्थ होता, आणि तो मोठ्या बाईंना स्वच्छ कळला.

पुढच्या खेळात त्यांनाच झाड केले गेले. हात वर करून त्या उभ्या राहिल्या आणि मुळे झालेली मुले त्यांच्या पायांना चिकटून बसली.

"वारा कोण?" वकिलाने विचारले.

"त्या बसल्यात ना रिकाम्या," मोठ्या बाईंनी पर्यवेक्षिकांकडे बोट दाखवले. "उठा, मॅडम. फुंका."

पर्यवेक्षिका उठल्या आणि फुंकू लागल्या. झाड डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. मुळे किंचाळली, पण एकही सुटले नाही.

"झाड का नाही पडलं?" त्यांनी धापा टाकत विचारले.

"आम्ही धरलंय म्हणून!"

पर्यवेक्षिकांनी हसत पेनाचे टोपण काढले. "आजी, वर्ग छान रंगवलात. तुम्हीच का नाही येत इथं शिकवायला?"

कौतुक मोठ्या बाईंना मनापासून आवडत असे. या वेळी मात्र त्यांनी कपाळाला आठी घातली.

"पेन मिटा आधी. मी शिकवलं तेव्हा मुलं जांभया देत होती. तुम्हीही दिलीत, मी पाहिली. खेळ सगळा हिचा. मी नुसता भोंगा."

"पण आवाज नसताना त्यांना एकटीला वर्ग आवरेल का?"

"मी बाहेर जाते. तुम्हीच बघा."

"ए आजी, झाड कुठं चालतं का?" मुळे ओरडली. ती सोडवता सोडवता त्यांची एक चप्पल आतच राहिली.

व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या राहिल्या. आतून काही ऐकू येईना. इतकी शांतता बऱ्या लक्षणाची नव्हे, असे त्यांना वाटले. दार ढकलून दोन सूचना द्याव्यात म्हणून हात पुढे झाला. तो त्यांनी मोठ्या कष्टाने मागे घेतला. मग धप्प असा आवाज झाला, आणि एका मोठ्या माणसाचे हसणे. राहवेना म्हणून त्यांनी फटीतून डोकावले. पर्यवेक्षिका चादरीखाली होत्या, बटण त्यांच्यावर रिकामी झारी ओतत होती, आणि सूनबाईंचा तळहात सावकाश वर येत होता. त्याबरोबर अख्खा वर्ग उगवत होता. सर्वांत शेवटी, केस विस्कटलेल्या, पर्यवेक्षिका उगवल्या.

त्या दार उघडून बाहेर आल्या तेव्हा हसू अजून ओसरले नव्हते. "सुट्टीनंतर याच बाई," त्या म्हणाल्या. "तसं लिहिते आहे मी."

"लिहायलाच हवं," मोठ्या बाई रुबाबात म्हणाल्या. डोळे मात्र पुसावे लागले.

आत गेल्याबरोबर बटणने त्यांचे बोट पकडले. "आजी, आता तू बी."

"माझे गुडघे, बाळ..."

सूनबाईंनी चादरीची कड उचलून धरली आणि वाट पाहिली. कुरकुरत, टेकत, मोठ्या बाई एकदाच्या खाली शिरल्या. आत अंधार होता, खडूचा वास होता आणि चहूबाजूंनी दाबलेले हसू होते.

"हलायचं नाही हं," कानाशी बटण कुजबुजली. "ताईनं खूण केल्याशिवाय उगवायचं नाही."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि गप्प पडून राहिल्या.