प्रदर्शनातली आत्या

साडीच्या दुकानातल्या पुतळ्यांना पाय नसतात, हे शालूला संग्रहालयात नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. कंबरेखाली नुसता लाकडी शंकू. त्याला गोल साडी गुंडाळता येते, काष्टा मात्र घालता येत नाही. ठाण्यातल्या त्या छोट्याशा वस्तुसंग्रहालयाने १९९१ साली जिल्ह्यातल्या जुन्या पेहरावांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि आगरी बायकांच्या लुगड्यापाशी येऊन सगळं अडलं. लुगडं होतं, साडीच्या दुकानातून आणलेली पुतळी होती, पण नेसवायचं कसं?

"जिवंत बाईच उभी केली तर?" संग्रहालयाच्या प्रमुख सुमतीताई म्हणाल्या. "पण अजून असं नेसणारं कोण मिळणार आपल्याला?"

"मी आणते," शालू म्हणाली.

शालू मानपाड्याची. बी. ए. होऊन अशा ठिकाणी नोकरीला लागलेली गावातली पहिलीच मुलगी. तिचं बोलणं इतकं साफ होतं, की ती आगरी आहे हे इथे कुणाच्या ध्यानात येत नसे, आणि तिला ते बरंच वाटे. आपली सख्खी आत्या असं लुगडं नेसते, हे तिने त्या दिवशीही सांगितलं नाही. कळव्याला ओळखीची एक बाई आहे, एवढंच म्हणाली.

आत्या म्हणजे ठमाबाई. साठी उलटलेली, अर्धं आयुष्य मिठागरात वाकलेली. शालूची आई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली, तेव्हा याच आत्याने शालूला वर्षभर कडेवर वागवलं होतं.

"तिथं येऊन मी काय करू गो?" ठमाबाईने विचारलं.

"काही नाही, आते. नुसतं उभं राहायचं. मोठी माणसं येतील, तुझं लुगडं बघतील."

"माझं लुगरं बघाला?" ठमाबाई हसली. "येते. तुझं नाव व्हईल ना, मंग झालं."

उद्घाटनाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर झाली. हिरवं लुगडं, नवी चोळी, अंबाड्यात अबोलीची वेणी. संग्रहालयातल्या माणसांसाठी तिने डबाभर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट आणली होती. वास सुटेल म्हणून शालूने डबा झटकन कपाटामागे ठेवला. मग आत्याला गुडघाभर उंचीच्या चौथऱ्यावर चढवलं आणि हळूच म्हणाली, "फार बोलू नकोस हां, आते."

पायाशी पाटी होती, 'आगरी स्त्रीचा पारंपरिक वेश'.

पाहुणे आले. शालू हातात छडी घेऊन माहिती सांगू लागली. काष्टा कसा खोचतात, चिखलात काम करताना लुगडं गुडघ्यापर्यंतच का ठेवतात, सगळं तिने छान सांगितलं. रेशमी साडीतल्या एक बाई पुढे आल्या. "पण हे सुटत कसं नाही?" असं म्हणत त्या चौथऱ्याला वळसा घालून गेल्या आणि ठमाबाईच्या पाठीमागे काष्ट्यात दोन बोटं घालून त्यांनी तो ओढून पाहिला.

ठमाबाईचा हात पटकन मागे गेला, पण मध्येच थांबला. तिने शालूकडे पाहिलं. शालूला ते दिसलं. 'अहो, त्या माझ्या आत्या आहेत' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"मागून दाखवता का जरा?" एका गृहस्थांनी विचारलं.

शालू म्हणाली, "बाई, जरा वळा."

ठमाबाई वळली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि पुन्हा सांगेपर्यंत तशीच राहिली.

"कुठून शोधून काढलीत हो ही?" त्या रेशमी साडीतल्या बाईंनी विचारलं.

"कळव्याहून," शालू म्हणाली आणि हसली. ते हसू पुढे कित्येक दिवस तिचं तिलाच छळत राहिलं.

सगळे पांगल्यावर ठमाबाई चौथऱ्यावरून उतरली. कपाटामागचा डबा तिने आपणच काढून घेतला. तो तसाच भरलेला होता.

"मी येते सोडायला," शालू म्हणाली.

"नको. बस हाय."

रविवारी कळव्याला जायचंच, असं शालूने ठरवलं, आणि रविवारी तिला काहीतरी काम निघालं. मग पुढच्या रविवारीही निघालं. भाऊबीजेला आत्या मानपाड्याला येणार होती, त्या दिवशी शालूने सुट्टी असूनही मैत्रिणीचं घर गाठलं. तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि दिवसागणिक ती वाढतच गेली.

वैशाखात भावाचं लग्न निघालं. तिथून पळता येणार नव्हतं.

हळदीच्या दिवशी मंडपात शिरणाऱ्या आत्याला शालूने आधी ओळखलंच नाही. ठमाबाई गोल पातळ नेसली होती. खांद्यावर पिन, निऱ्या मुठीत धरलेल्या. दोन पावलांवर तिचा पाय काठात अडकला, तशी सून मालू हिने तिला सावरलं.

शालू पाया पडली. "आते, लुगडं?"

"दिली सगली बोहारनीला. मोठा टोप आला."

"का पण?"

ठमाबाईने पायात आलेला काठ सोडवला. "चालीस वर्सं नेसले. मिठागरात वाकले, बाजारात बसले. कवा कोनी हात नाय लावला. आता नेसाला घेतलं का माझाच हात पाठीमागं जातो."

"माझं चुकलं, आते. मी सांगायला पाहिजे होतं."

"काय?"

"तू माझी आत्या आहेस म्हणून."

ठमाबाईने मंडपभर बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली. "हितं सगल्यांना म्हाईत हाय," ती म्हणाली, आणि निऱ्या सावरत हळद लावणाऱ्या बायकांत जाऊन बसली.

लग्नानंतर कामावर गेल्या गेल्या शालू सुमतीताईंच्या खोलीत शिरली. "प्रदर्शनात उभ्या होत्या ना, त्या माझ्या सख्ख्या आत्या," तिने एका दमात सांगून टाकलं.

सुमतीताईंनी चष्मा काढला. "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस? तुझी आत्या म्हटल्यावर मी त्यांना तिथे उभं केलं असतं का?"

मग दुसऱ्या कुणाची तरी आत्या उभी राहिली असती, शालूच्या मनात आलं. आणि तिलाही आपणच वळायला सांगितलं असतं.