बसायला आलेल्या बायनाबाई

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बाभळीच्या लाकडाचा, ठेंगणा, मधोमध थोडा झिजलेला. मला बोलता येत असतं तर त्या दिवशी मी एवढंच म्हणालो असतो, "बाई, ती वर आहे. थांबा." तेवढ्यानं दोन मैत्रिणींची ताटातूट टळली असती. पण बाकाला कोण बोलू देणार? म्हणून मनात राहिलेलं आज तुम्हाला सांगतो.

भीमाशंकरअप्पांच्या बांधावरची बाभूळ वादळात पडली. तिच्या खोडापासून भागवत सुतारानं मला घडवलं. परभणीच्या जुन्या बाजारात अप्पांचं बांगड्यांचं दुकान होतं, पण बांगड्या भरायचं काम त्यांच्या पत्नीचं, शांतम्मांचं. शांतम्मांनी भागवतला बजावलं होतं, "उंच करू नको बाबा. खेड्यातून बाया दमून येतात. टेकल्या की पाय जमिनीला लागले पाहिजेत." तसाच मी झालो. समोर गादीवर शांतम्मा बसत आणि माझ्यावर बसलेल्या बाईचा हात अलगद त्यांच्या हाती येई. त्या बोटं दाबून दाबून तळहात मऊ करत, बोलण्यात गुंतवत, आणि काच मनगटावर कधी चढली ते बाईला कळतही नसे.

माझ्यावर नवऱ्या मुली बसल्या, पहिलटकरणी बसल्या. काही बाया तर काहीच घ्यायला येत नसत. गाडीला वेळ असे, पाय दुखत असत, सासरचं काही मनात साठलेलं असे. शांतम्मा त्यांना कधी विचारत नसत, "काय पाहिजे?" त्या म्हणत, "बस गं माय." एवढ्या दोन शब्दांवर मी उभं आयुष्य काढलं.

त्यातल्याच दोघी बायनाबाई आणि कमलबाई. दोघी ताडकळसच्या, एका गल्लीत वाढलेल्या. लग्नं झाली आणि बायनाबाई राणीसावरगावला गेल्या, कमलबाई जिंतूरच्या पलीकडे. एक जिल्ह्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. परभणी मधोमध. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं की नागपंचमीच्या आधीच्या बाजाराला दोघींनी एसटीनं यायचं, शांतम्मांकडे बांगड्या भरायच्या आणि परतीच्या गाडीपर्यंत माझ्यावर बसायचं. ताडकळसला दोघींचंही आता कुणी उरलं नव्हतं. वर्षातून एकदा माझ्या फळीवर त्यांचं माहेर भरत असे. घरात फोन होते, पण ते मुलांच्या खिशात. मनातलं सगळं मुलांच्या खिशातून कसं बोलणार?

मग बाजारातली दुकानांची ती ओळ पाडली. पत्र्याचं कुंपण आलं, यंत्रं आली. अप्पा तोवर निवर्तले होते. शांतम्मा घराच्या ओसरीत दुकान चालवू लागल्या. दोन पंचम्या अशाच गेल्या. त्या दोघी येऊन कुंपण पाहून परत गेल्या, की आल्याच नाहीत, मला माहीत नाही. मी शांतम्मांच्या परसात पालथा पडून होतो.

शेवटी त्या जागी नवी इमारत उभी राहिली. खालच्या दोन मजल्यांवर दुकानं, वर दवाखाने आणि कचेऱ्या, त्याच्यावर राहायची घरं. सगळं गाव तिला मॉल म्हणू लागलं. शांतम्मांना पहिल्या मजल्यावर गाळा मिळाला. त्यांची नात महेश्वरी मला टेम्पोत घालून घेऊन आली, पण गाळ्यात काचेची कपाटं बसवल्यावर मला जागा उरली नाही. व्यवस्थापक म्हणाले, "असला बाक इथं शोभत नाही." माझी रवानगी तळघरात, गाड्या लावायच्या जागी, एका खांबाला टेकून झाली.

तिथून मला येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं ऐकू येई. उद्घाटनाच्या आठवड्यात केवढी गर्दी! एक म्हातारबा सरकत्या जिन्यावरून उतरून आल्यावर सगळ्यांना सांगत होते, "पायरीच चालायलीय! आपन निस्तं उभं ऱ्हायचं!" कॉलेजातली भक्ती मैत्रिणीला म्हणाली, "आता नांदेडला जायची गरज नाही." ताडकळसची एक बाई म्हणाली, "बायांसाठी स्वच्छ मोरी तर केली. जुन्या बाजारात आमी दिवसदिवस पानी पीत नव्हतो." हे खरंच होतं, आणि ऐकून मला बरं वाटलं. तिच्याबरोबरचा नवरा मात्र कुरकुरला, "समदं हाय, पन टेकायला जागा न्हाई. उभ्यानंच फिरायचं." मला हाक मारावीशी वाटली. पण दोघं मोटारसायकलवर बसून निघूनही गेले.

पंचमीच्या आधीचा बाजार आला. सकाळीच उतारावरून एक बाई बिचकत खाली आल्या. पदर हातांवरून ओढून घेतलेला. चेहरा पाहिला आणि माझं लाकूड शहारलं. बायनाबाई!

तिथला वॉचमन नागसेन म्हणाला, "मावशी, दुकानं वर हायेत. कुनाला पाहायलात?"

"बांगड्यावाल्या शांतम्मा..."

"पहिल्या मजल्यावर. जिना न्हाई जमला तर लिफ्ट हाय. चला, दावतो."

बायनाबाई दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. "नगं लेकरा. मला काय घ्यायचं न्हाई. निस्तं बसायचं होतं."

मग त्यांनी मला पाहिलं. हळूहळू जवळ आल्या, माझ्या झिजलेल्या जागेवर हात फिरवला आणि बसल्या. बसताना पदर सरकला आणि मला त्यांची मनगटं दिसली. उघडी. एकही बांगडी नाही. आमची भेट नव्हती त्या दोन वर्षांत त्यांचे धनी गेले होते. झगझगीत दिव्यांच्या बांगड्यांच्या दुकानात, सगळ्यांच्या देखत, ते हात घेऊन जायला त्यांचा पाय उचलत नव्हता. जुन्या दुकानात त्या सरळ येऊन माझ्यावर बसल्या असत्या. तिथं कुणी काही विचारलंच नसतं.

"हितंच येईल ती," त्या स्वतःशी म्हणाल्या. "बाक हाय म्हंजे येईलच."

नागसेननं त्यांना पाणी आणून दिलं. बायनाबाई उताराकडे डोळे लावून बसल्या. कुणी बाई दिसली की अर्धवट उठत, पुन्हा बसत. आणि दुपारी शांतम्मांची नात गाडीतून सामान काढताना फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आजी बिझी आहे. तिच्या जिंतूरच्या कमलबाई सकाळपासून येऊन बसल्यात, मैत्रिणीची वाट पाहायल्यात."

बायनाबाई खांबाच्या दुसऱ्या बाजूला होत्या. गाड्यांच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. मित्रांनो, त्या घडीला मी आतून किती ओरडलो असेन! एकीच्या डोक्यावर दुसरी बसलेली, मध्ये फक्त दोन छतं.

ऊन कलल्यावर राणीसावरगावच्या गाडीची वेळ झाली. बायनाबाईंनी मला एकदा थोपटलं आणि त्या निघून गेल्या.

थोड्याच वेळात महेश्वरी कमलबाईंना स्टँडवर सोडायला स्कूटरपाशी आली. नागसेन सहज म्हणाला, "आज एक मावशी दिवसभर हितं बसल्या होत्या. शांतम्मांचं नाव घेतलं, पन वर काय गेल्या न्हाईत. हातात एकबी बांगडी नव्हती बघा."

कमलबाई जागच्या जागी थांबल्या. "कपाळाला गोंदन होतं? चांदनीवानी?"

"होय."

त्या माझ्यावर येऊन बसल्या. फळी अजून गरम होती. त्यांनी तिथं तळहात टेकला आणि त्या रडल्या. मैत्रिणीचं दुःख त्यांना असं कळलं, एका वॉचमनच्या तोंडून. "बायने, मी वरच व्हते गं," एवढंच पुन्हा पुन्हा.

महेश्वरी स्कूटर काढून स्टँडवर गेली. गाडी सुटली होती.

त्या संध्याकाळी शांतम्मा स्वतः खाली आल्या, सरकत्या जिन्याचा कठडा घट्ट धरून. व्यवस्थापकांना म्हणाल्या, "माझं कपाट काढा पाहिजे तर. पण हा बाक दारात ठेवा. ज्याला काही घ्यायचं नाही, त्यानं बसायचं कुठं?" आजूबाजूचे दुकानदारही बोलले. चार दिवस वाद झाला. शेवटी मी मोठ्या दरवाज्याबाहेर, सावलीत आलो. दुसऱ्याच दिवसापासून एक घडी मोकळा राहिलो नाही.

राणीसावरगावच्या कंडक्टरपाशी, बाजाराला येणाऱ्या बायांपाशी शांतम्मांनी निरोप धाडले. यंदाच्या पंचमीच्या बाजाराला कमलबाई आधी आल्या. शेजारची जागा पिशवी ठेवून अडवली. जो विचारी, त्याला सांगत, "हितं कुनीतरी यायचंय."

आणि बायनाबाई आल्या. पिशवी बाजूला झाली आणि त्या शेजारी टेकल्या. कमलबाईंनी त्यांचं उघडं मनगट दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. शांतम्मा बांगड्यांचा खोका घेऊन खाली आल्या, समोर पायरीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "भरू का गं बायना? माझी काही हरकत नाही."

बायनाबाईंनी मान हलवली. "यंदा न्हाई शांतम्मा. मन व्हईना. पन हात तेवढा धर, पहिल्यावानी."

शांतम्मांनी खोका बाजूला सारला. ते बारीक झालेलं मनगट मांडीवर घेतलं आणि एकेक बोट दाबत राहिल्या, जशा आयुष्यभर दाबत आल्या होत्या. आत माणसं सरकत्या जिन्यानं वर चढत होती. बाहेर आम्ही चौघं बसलो होतो.

मित्रांनो, तुमच्या गावातही असं काही नवं, झगमगतं उभं राहील. ते पाहायला आनंदानं जा. पण तिथं कुणी काही न घेता, नुसतं बसायला आलेलं दिसलं, तर त्याला काय पाहिजे म्हणून विचारू नका. थोडं सरका.