उभ्या गाडीचं डिझेल

स्टिअरिंगखालच्या सॉकेटात आठ दिवस लावून ठेवलेल्या नव्या स्कॅनरला मी लॅपटॉपची वायर खोचली, आणि आमच्या कारखान्याच्या साहेबांच्या गाडीनं आठ दिवसांत काय केलं ते लॅपटॉपवर ओळीनं यायला लागलं.

चालताना गाडी लिटरला पंधरा देत होती. झकास. पण रोज जवळजवळ तीन तास ती जागेवर उभी. इंजिन चालू, एसी चालू, वेग शून्य. उभ्या गाडीचं किलोमीटर पडत नाही, डिझेल मात्र जळतंच. पंधरा वर्षं इंजिनं खोलतोय मी, आणि एवढं साधं मला सुचू नये?

दोन वर्षांपूर्वी, दोन हजार सातला, टाकी फुल्ल करून ॲव्हरेज मीच काढलं होतं. नऊ आलं. डिझेल चोरीला जातंय, असं मीच लिहून दिलं. ड्रायव्हर मच्छिंद्रला काढलं, गेटवरच्या फळ्यावर त्याच्या नावानिशी नोटीस लागली. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जयसिंगआप्पा, मी न्हाई नेलं." परवा नव्या ड्रायव्हरचं ॲव्हरेज काढलं, तेही नऊच, म्हणून हा स्कॅनर.

रविवारी प्रिंट घेऊन वडगाव रासाईला गेलो. मच्छिंद्र दुसऱ्याच्या उसात खुरपत होता. डिझेलचोराच्या हातात गाडी कोण देणार! बांधावर बसून मी सगळं सांगितलं. त्याला ते ठाऊकच होतं. साहेब मीटिंगला म्हणून निघायचे आणि घोडनदीच्या कडेला एसी लावून गाडीतच झोपायचे.

"मग तेव्हा बोलला का नाहीस, गाढवा?"

"गाडीतली गोष्ट गाडीत ऱ्हावी, आप्पा. आमा ड्रायव्हरांत तसंच असतंय."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. ह्यानं साहेबाला झाकलं, आणि मी ह्याला गावभर चोर केलं.

मला घरी नेऊन त्यानं प्रिंट बायकोच्या हातात दिला. दोन वर्षं पार्वतीबाईंनी पाणवठ्यावर 'डिझेलचोराची बायको' ऐकलं होतं. उंबऱ्यात उभं राहून त्या शेजारी ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायला लागल्या. तारीख, तास, वेग शून्य. शेवटचं पान झालं. परत पहिलं काढलं.

"ह्यात ह्यांचं नाव कुठं हाय?"

कुठंच नव्हतं. गाडीचा नंबर तेवढा होता.

त्यांनी कागदांची नीट घडी घातली, माझ्या हातात परत दिली आणि चहा ठेवायला आत गेल्या.