लाल दोऱ्याची नक्कल

मित्रांनो, मी एक जुना फायरवॉल आहे. दिसायला जाड पुस्तकाएवढी लोखंडी पेटी, पण काम राखणदाराचे. एका दवाखान्याच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत मी अकरा वर्षे पहारा दिला. तारेतून येणारा प्रत्येक निरोप आधी माझ्यापुढे थांबे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला दारातूनच परतवायचे, याचे तीनशे बारा नियम माझ्या पोटात होते. नववा नियम रक्त तपासणाऱ्या लॅबचा. लॅब गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिचे रिपोर्ट माझ्या दारातूनच वॉर्डात जात.

हे नियम मला मामांनी शिकवले. मामा म्हणजे दवाखान्यातली तारा-यंत्रे सांभाळणारे. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. दर शुक्रवारी, खांद्यावरची पिशवी उतरवण्याआधी, ते माझ्या नियमांची नक्कल पेनड्राइव्हवर घेत आणि तो लाल दोऱ्याने खिळ्याला टांगत. "हा आहे तोवर तुला मरण नाही," असे मला सांगत. मोठ्या साहेबांनी या शिस्तीबद्दल त्यांना चारचौघांत शाबासकी दिली, तेव्हा माझीही छाती फुगली होती.

पेनड्राइव्ह मात्र एकच. जुनी नक्कल पुसायची, नवी ठेवायची. ती परत माझ्यात भरून कोणी कधी पाहिली नाही.

एका शुक्रवारी सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली. शेवटी आली तेव्हा मी कारखान्यातून निघालो तसा कोरा होतो; नियमच नाहीत, म्हणून बाहेरचे कोणालाच आत घेत नव्हतो. दिवे तेवढे हिरवे. मामा आले आणि त्यांचा हात सवयीने चालला. 'जुनी पुसू का?' असे संगणकाच्या पडद्याने विचारले. न वाचताच त्यांनी 'हो' दाबले. माझ्या कोरेपणाची नक्कल झाली.

तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर जिना उतरून आल्या.

"मामा, सात नंबरच्या आजोबांचा रिपोर्ट आला नाही. लॅबवाले म्हणतात, पाठवला. डॉक्टर खोळंबलेत. माणूस धाडू का तिकडे?"

"कशाला उगाच हेलपाटा? तो जाऊन येईपर्यंत इथे चालू होतंय. नक्कल आहे ना माझ्याकडे."

"नक्की ना?"

"पाच मिनिटं, सिस्टर."

त्या विश्वासाने वर गेल्या. मामांनी नक्कल माझ्यात भरली. मी कोराच राहिलो. पुन्हा भरली. मग त्यांनी नकलेवरची तारीख वाचली, ती आजचीच होती, आणि ते स्टुलावर बसले.

वर जाऊन 'माणूस धाडा' एवढे सांगायचे होते. लाज आडवी आली. आठवून आठवून ते एकेक नियम लिहू लागले. लॅबचा नियम जमायला दोन तास गेले. रिपोर्ट माझ्यातून वर गेला आणि थोड्याच वेळाने सिस्टर पुन्हा खाली आल्या. या वेळी त्या दारातच थांबल्या.

"आता घाई नको, मामा. सात नंबर रिकामा झाला."



आता माझ्या जागी माझ्याच जातीची नवी पेटी आहे. मी फळीवर असतो. मामा आधी वाचतात, मग नक्कल घेतात. खिळ्याला चार दोरे आहेत. महिन्यातून एकदा ते मला खाली काढून नक्कल माझ्यात भरतात आणि सगळे नियम बोटाने मोजतात. मित्रांनो, तुम्हीही जपून ठेवलेले एकदा उघडून पाहत जा. आणि ते हरवले तर लगेच सांगा.

नवव्या नियमावर मामांचे बोट अजून थांबते. मी वाट पाहतो. मग ते दहाव्यावर जाते.