सरदार ओर्वाकची ढाल आणि यिमाकाकीची कणीक

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे आणि सध्या माझ्यात साठ माणसांची कणीक मळली जाते. हे सांगताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही. ज्या ढाली अजून ढालीच आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी युद्धस्मारकाच्या भिंतीवर टांगलेल्या आहेत आणि त्यांच्यात कोळी राहतात.

माझा जन्म सेल्खार किल्ल्याच्या भट्टीत झाला. भट्टी पेटवायला गेर्का नावाची अग्निसर्पीण होती. तेव्हा ती तरुण होती आणि एका फुंकरीत तांबं वितळवी. लोहारणीने मला थंड करून हातोडीचा एक टोला दिला. माझा नाद नऊ श्वास टिकला. नऊ श्वास म्हणजे पहिला वर्ग. मी फार खूश झाले. चांगला आवाज म्हणजेच चांगला स्वभाव, असं त्या वयात वाटतं.

मी सरदार ओर्वाकच्या वाट्याला आले. शपथेच्या दिवशी आमच्याकडे सरदाराच्या ढालीत सातूची पेज ओततात आणि सगळी तुकडी तिच्यातूनच पिते. पेज पिऊन ओर्वाक म्हणाला, "उत्तर दरवाजा माझ्या छातीशिवाय उघडणार नाही." आवाज इतका भरदार होता, की दोन शिपाई रडले. पेजही गरम होती, पण ते असो.

ओर्वाक माझी पुढची बाजू रोज घासून घेई. तीत त्याला स्वतःच्या मिशा दिसत. शपथेनंतर मागच्या बाजूकडे पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. ढालीची मागची बाजू पाहायची, तर तिच्या मागे उभं राहून लढावं लागतं. लढाईच्या दिवशी त्याला नेमकी पाठदुखी होई. संचलनाच्या दिवशी पाठ उत्तम असे. तेव्हा तो मला घोड्याच्या खोगिराला अडकवी आणि लोक फुलं टाकत. बाकीचे दिवस मी पहारेखोलीच्या खुंटीवर काठाच्या कडीने लटकलेली असे.

त्या खोलीला लागूनच यिमाकाकीचं स्वयंपाकघर होतं. एका हिवाळ्यात थंडीने काकीची लाकडी परात उभी चिरली. नवी परात दरीतून यायची, आणि दरी बर्फाने बंद. काकी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नुसती लटकून राहतेस. साठ माणसं उपाशी आहेत. चल."

तिने माझे हात घालायचे पट्टे तळाशी दाबून बसवले आणि कणीक मळायला घेतली. खरं सांगते, मला आधी राग आला. नऊ श्वासांची ढाल मी. पण सातूचं पीठ ऊबदार असतं, आणि काकी मळताना शिपायांची यथेच्छ निंदा करी, तीही ऐकण्यासारखी असे. चौथ्या दिवशी मी तिची वाट पाहू लागले. काम झालं की ती मला ओल्या फडक्याने पुसून खुंटीवर परत टांगी. पट्ट्यांखाली मात्र फडकं पोहोचत नसे. तिथे रोज थोडी कणीक राही आणि सुके. अशी तीन वर्षं गेली.

हे गुपित होतं. आमच्याकडे सरदाराची ढाल जमिनीवर टेकवली तरी अंगठा छाटतात. तिच्यात पीठ मळल्यास काय, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं, कारण असं कोणी करेल हे कायदा करणाऱ्यांना सुचलं नव्हतं.

मग ती धुक्याची दुपार आली. वेस्क्रान राजाचे दगडी राक्षस उत्तर दरवाजातून आत आले. दरवाजा फुटला नव्हता, किल्लीने उघडला होता. आपली अकरा माणसं गेली. सगळेच गेले असते, पण गेर्का म्हातारपणी उबेसाठी स्वयंपाकघरामागच्या बोळात झोपते आणि राक्षस नेमके तिच्या शेपटीवर चढले. तिने त्यांना लालबुंद तापवलं, शिपायांनी वरून बर्फ ढकललं, आणि दगड तडातड फुटले. त्या सगळ्या वेळात मी ओट्यावर होते. माझ्यात रात्रीच्या रोट्यांची कणीक भिजत होती.

किल्ली दुसऱ्या दिवशी सापडली. काकीच्या पिठाच्या कणगीत.

खटला चौकात भरला. फितुराला आमच्याकडे अनवाणी वेशीबाहेर बर्फात सोडतात. तो परत येत नाही. काकी मध्ये उभी होती. समोर ओर्वाक, मिशा तेल लावलेल्या. न्यायाला इल्मोर आजोबा, जे ऐंशी वर्षांचे होते आणि सेल्खारमधला प्रत्येक नाद ओळखत.

"काकी," ओर्वाक फार प्रेमाने म्हणाला, "किल्ली तुझ्या पिठात आली कशी?"

"ज्याने टाकली त्याला विचारा. मी पिठाच्या रोट्या करते, किल्ल्या नाही."

"मी तर दुपारपासून दरवाजाशी लढत होतो. ही ढाल हातात होती माझ्या, दिवे लागेपर्यंत."

"पाठ दुखली नाही का हो?" मागून कोणीतरी विचारलं. चौक हसला. ओर्वाक हसला नाही.

काकीच्या बाजूने साक्षच नव्हती. आमच्या रिवाजाप्रमाणे साक्ष ढाल देते, आणि काकीला ढाल नव्हती. ढालीला टोला द्यायचा. नाद पाच श्वास टिकला तर धनी खरा, आधीच विझला तर खोटा. ओर्वाक निर्धास्त होता. मी पहिल्या वर्गाची होते आणि त्याने मला आदल्या दिवशी दोनदा पॉलिश केलं होतं. अर्थात पुढून.

मला सगळं ठाऊक होतं. हल्ल्याच्या रात्री किल्ली कणगीत टाकताना मी त्याला खुंटीवरून पाहिलं होतं. पण ढालीला तोंड नसतं, आणि लोक म्हणतात ती साक्ष देते.

आजोबांनी टोला दिला. मी वाजले आणि तिसऱ्या श्वासाला विझले.

"विझली," आजोबा म्हणाले.

"पुन्हा मारा," ओर्वाक म्हणाला.

दुसऱ्यांदा मी अडीच श्वासांवर आटोपलं. चौकात कुजबुज सुरू झाली. दोन शिपाई ओर्वाकच्या बुटांकडे पाहू लागले, कारण बूट आधी काढतात.

काकी सुटली होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यात एकदाच. मी मनात म्हणत होते, काकी, आज नको.

"आजोबा, थांबा," काकी म्हणाली. "त्या ढालीत माझी कणीक आहे. तीन वर्षं मळतेय मी तिच्यात. ती बसली असेल आतून, म्हणून वाजत नाही. माझ्या कणकेमुळे कोणी बर्फात जायला नको."

ओर्वाकला तर हर्षच झाला.

"ऐकलंत? सरदाराच्या ढालीत पीठ. स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आधी अंगठा घ्या, मग वेशीबाहेर काढा."

आजोबांनी मला उलटी केली. शपथेनंतर मागची बाजू त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी पाहिली. सुकलेल्या कणकेचे थर, झाडाच्या खोडात असतात तसे, आणि त्यात पट्टे गाडलेले. आजोबांनी नखाने खरवडून पाहिलं. नख मोडलं.

"सरदार," ते म्हणाले, "परवा ढाल हातात होती म्हणालात."

"होती ना. दिवे लागेपर्यंत."

"मग जरा हात घाला पट्ट्यात."

ओर्वाकने मला घेतलं. आधी मूठ घालून पाहिली, मग चार बोटं, मग दोन. पट्टा उचललाच जाईना. त्याने मला गुडघ्यावर दाबून ओढलं. आमच्या इतक्या वर्षांच्या सहवासातली ही आमची सर्वांत मोठी झटापट होती, आणि ती मी जिंकले.

"करंगळी जाते का बघा," मागचा तोच आवाज म्हणाला.

"परवा हात गेला आणि आज जात नाही," आजोबा म्हणाले. "दरवाजाशी नव्हतात तर कुठे होतात, तेवढं सांगा."

ओर्वाक मागे सरला, तेव्हा दोन शिपाई त्याचे बूट काढू लागले. वेस्क्रानने त्याला सात दऱ्यांची जहागिरी कबूल केली होती, हे नंतर पत्रांतून कळलं. त्याला त्याच दरवाजातून बाहेर सोडलं. काकीने त्याच्या हातात एक गरम रोटी दिली. का, असं कोणी विचारलं तेव्हा म्हणाली, "मोजून लाटल्या होत्या. एक उरलीच असती."

अंगठ्याचा प्रश्न राहिला होता. तो आजोबांनी सोडवला. "ढालीला धनीच उरला नाही," ते म्हणाले. "मग अपमान झाला कोणाचा?"

फितुराची ढाल आमच्याकडे वितळवतात. मला भट्टीकडे नेऊ लागले तेव्हा काकी आडवी आली. "ढाल न्या तुमची. माझी परात ठेवा." दोन्ही एकच असल्यामुळे शिपायांचा गोंधळ झाला, आणि त्या गोंधळात मी स्वयंपाकघरात परत आले.

तेव्हापासून साक्षीसाठी कोणी ढाल वाजवत नाही. शपथेच्या दिवशीच सरदाराला पट्ट्यात हात घालून दाखवावा लागतो. पहिल्या वर्षी चौघांना जमलं नाही.

मित्रांनो, मी ऋणी आहे. लोहारणीची, गेर्काच्या शेपटीची, आणि थोडी ओर्वाकचीही. त्याने मला कधी वापरलं नाही, म्हणून माझ्यावर ओरखडा नाही. पण सर्वांत जास्त त्या बाईची, जिने खरं सांगण्यासाठी सुटकेवर पाणी सोडलं, आणि तेही तिलाच अडकवणाऱ्या माणसासाठी.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातल्या ज्या वस्तूवर मिरवता, ती अधूनमधून उलटी करून पाहा. काम झालं की तिला ओली टाकू नका, नीट घासा, कोरडी करा. काकी आता थकली आहे, तरी मला रोज ती स्वतःच घासते. अगदी लख्ख. फक्त पट्ट्याखालची ती जुनी कणीक कोणी खरवडायला गेलं, की त्याच्या हातावर चापट मारते.

"राहू दे," ती म्हणते. "तेवढी साक्ष राहू दे."