गंगाजळाची डबलरोटी

या, जवळ सरका. आज आख्यान देवाचं नाही, डबलरोटीचं, म्हणजे पावाचं सांगतो. पण पाप, पुण्य आणि गर्वहरण तिन्ही त्यात आहेत, तेव्हा कीर्तनाची हौस फिटेल.

साल चौऱ्याऐंशी, श्रावण महिना. आरमोरीकडच्या आमच्या गावात बालवाडीच्या लेकरांसाठी दर सोमवारी एसटीनं डबलरोटी यायची. बालवाडी इंदुताई चालवायची, बौद्ध वस्तीतली. गाडीतून रोटी तीच उतरवून घ्यायची. पण रोटीची पेटी राहायची सरपंच गुणवंतरावांच्या देवघरात. "अन्न हाय, पवित्र जागी ठेवावं," असं त्यांचं म्हणणं. बुधवारपर्यंत रोटीवर हिरवी लव चढायची आणि लेकरं उपाशी घरी जायची.

गुणवंतरावांनी निदान केलं, "इंदूचा हात लागते न, म्हनून बुरशी येते." बाईला काढा, असा अर्ज गावभर सह्यांना फिरला. पांडुरंगा, खोटं कशाला बोलू, माझीही सही त्यावर होती.

इंदुताईनं गुणवंतरावांना देवळासमोर गाठलं.

"भाऊ, भिजलेलं बी पोत्यात दाबून ठेवलं तं मोड येते का नाई?"

"येते. मंग?"

"बुरशीचंबी तसंच हाय. तिचं बी हवेतच रायते, दिसत नाई. ओल अन् ऊब भेटली का उगवते. जात इचारत नाई ते."

"लय शिकली वं तू!"

"सोमवारची एक रोटी घेऊ. अर्धी तुमी ठेवा, अर्धी मी. शनिवारी कीर्तनात सगळ्याईसमोर उघडू. माह्या रोटीले बुरशी आली, तं मीच बालवाडी सोडते."

इंदुताईनं आपल्या वाट्याचे तुकडे सुटे करून चुलीच्या वर टांगलेल्या टोपल्यात वाळत घातले. गुणवंतरावांनी आंघोळ केली, सोवळं नेसलं, रोटीवर गंगाजळ शिंपडलं. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून वरून गोमूत्र. मग डब्यात घालून झाकण घट्ट लावलं आणि डबा समईच्या उबेला ठेवला. एवढी बडदास्त बुरशीची माहेरीही झाली नसती.

शनिवारी अभंग थांबवून डबा उघडला. आत हिरवं, पांढरं, वर काळ्या मिशा. वास असा सुटला, की मृदंगावरच्या इतवारीनं ताल सोडून नाक धरलं. इंदुताईचे तुकडे मात्र पापडासारखे कडक, कोरे.

"तिची सावली पडली असंन," गुणवंतराव पुटपुटले.

त्यांची म्हातारी आई रुखमाबाई बायकांतून बोलली, "देवघरात तं तूच होता न बावा? मंग इटाळ कोनाचा झाला?"

सारं देऊळ हसलं. अर्ज तिथंच फाटला, पेटी इंदुताईच्या घरी गेली, लेकरांना रोटी मिळू लागली. पण त्या संध्याकाळी इंदुताई शेवटपर्यंत पायरीखालीच उभी होती. पोट धरून हसणाऱ्या आम्हा भक्तांपैकी एकालाही, 'बाई, आत ये' म्हणायचं सुचलं नाही. विठ्ठल विठ्ठल मात्र मोठ्यानं चाललं होतं.

तुम्ही विठ्ठलाचं नाव घ्याल तेव्हा त्या बाईची आठवण ठेवा, एवढंच मागणं.